कॅमेरा ठेवून फ्लॅश नेला

लग्नाच्या मांडवात फोटोचा उजेड लख्ख चमकला की मला एक जुनी चोरी हमखास आठवते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता डोक्यातून निघून गेलेत, पण ही किरकोळ चोरी काही जात नाही.

तेव्हा मी इचोड्याच्या ठाण्यात फौजदार होतो. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि कॅमेऱ्यात रीळ भरावं लागे. गाव हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचं, त्यामुळे आमचा बहुतेक वेळ ट्रकचे अपघात आणि ढाब्यांवरची भांडणं निस्तरण्यात जाई. पंचनाम्याचे फोटो काढायला गावातला एक तरुण फोटोवाला यायचा. त्याचे थोरले भाऊ शाळेत मास्तर. त्यांच्या मदतीने याने जुना पण चांगला कॅमेरा घेतला होता आणि तो जिवापाड जपायचा.

एका सकाळी तो तोंड पाडून ठाण्यात आला. बॅग खांद्याला होतीच.

"साहेब, फ्लॅश गेला माहा."

आदल्या संध्याकाळी लग्नघरी जेवायला बसताना त्याने बॅग आतल्या खोलीत ठेवली होती. पंगत उठल्यावर पाहतो तर फ्लॅश गायब. मी त्याला बॅग टेबलावर रिकामी करायला लावली. कॅमेरा, दुसरी लेन्स, फिल्टरच्या डब्या, फ्लॅश जोडायची वायर, कोरी रिळं, सगळं जागच्या जागी. बैलजोडी सोडून नुसती घुंगरं नेणारा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता.

ठाण्याच्या लेखनिकाला, म्हणजे रायटरला, फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं, तर हा गयावया करू लागला. "लिहू नका, साहेब. बोभाटा झाला त रातची लग्नं दुसऱ्याकडं जातीन. दोन दिवस पाहून त घ्या."

मी ठाण्याच्या डायरीत नोंद केली आणि फिर्याद तूर्त थांबवली. "पण कॅमेऱ्याशिवाय फ्लॅशचं तो करणार काय?" मी विचारलं.

"मागं एक बटन असते ना, चालू हाय का नाही पाहाले. ते दाबलं की नुसता बी चमकते. पण सेल लय खाते, साहेब."

एवढा धागा मला पुरेसा होता. हवालदाराला पाठवून बाजारातल्या दुकानदारांना सांगून ठेवलं, पेन्सिल सेल कोण नेतो तेवढं लक्ष ठेवा.

खबर बसस्टँडजवळच्या किराणावाल्याने दिली. "साहेब, आपले भाजीवाले बाबा चार-चार सेल नेऊन राह्यले. घरात रेडिओ बी नाही त्याइच्या."

मला हसूच आलं. हे बाबा जवळच्या खेड्यात वांगी, मेथी पिकवायचे आणि बाजारात बसायचे. माझ्या घरची भाजी त्यांच्याकडचीच. न मागता वर कोथिंबिरीची काडी टाकणारा माणूस. तरीही खबर ती खबर. बाबांना टोपलीसकट ठाण्यात आणलं.

"बाबा, सेल कशाला लागतात?"

"बॅटरीले, अमीनसाब." निजामाच्या काळात फौजदाराला अमीन म्हणत. जुनी माणसं आम्हालाही त्याच नावाने हाक मारायची.

"बॅटरीला जाडे सेल लागतात."

बाबा टोपलीतली मेथी सारखी करू लागले. हवालदार आवाज चढवायच्या बेतात होता, त्याला मी चहा आणायला पिटाळलं. माझा अनुभव असा की पकडलेला माणूस आता आपलं काय होणार हे विचारतो. बाबा ते विचारतच नव्हते. ते सारखे दाराबाहेरचं ऊन पाहत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "दिवस बुडाच्या आत घरी जाऊ द्या, अमीनसाब. घरची वाट पाहून राह्यली. मंग कोंडा मले."

मी जीप काढली. वाटेत त्यांनी न विचारता सगळं सांगितलं. बायकोची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती. गावोगाव फिरणाऱ्या एका वैदूने डोळे मेले म्हणून सांगितलं आणि दोघांनी आशा सोडली. त्या लग्नात ती मांडवात खाली मान घालून बसली होती. फोटोवाल्याने मागचं बटण दाबून फ्लॅश मारून पाहिला आणि तिने चटकन तोंड वर केलं.

"मले म्हणते, इज चमकली का जी? आभाळ त कोरडं होतं, अमीनसाब. तिले ते दिसलं! म्हटलं, रोज हा उजेड देला त डोळ्यावरचा पडदा फाटन. तिले सांगतलं, डॉक्टरनं देली उजेडाची दवाई हाय, रोज दिवस बुडता घ्याची."

"मग मागितला काऊन नाही?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"काय म्हणून मागू? आंधळ्या बायकोले दाखवाले? हसले असते लोक."

मी जीपचा वेग वाढवला.

म्हातारी वेणीफणी करून उंबऱ्यात बसली होती. माझे बूट वाजले तशी तिने मान वळवली. "कोण हाय?"

बाबा पुढे झाले. "डॉक्टरसाब हायत. दवाई पाहाले आले."

मी अंगावर खाकी, कमरेला पट्टा घालून उभा. तोतया डॉक्टरांना आत टाकणारा मी, त्या संध्याकाळी स्वतःच तोतया झालो.

"डॉक्टरसाब," ती म्हणाली, "दवाई लय गुणाची हाय. आणणाऱ्यावर राग नका धरू."

बाबांनी गोधडीच्या घडीतून फ्लॅश काढला आणि चालू केला. तो बारीक आवाजात किणकिणू लागला. "लाल मणी पेटला की दाबाचं," त्यांनी मला हळूच सांगितलं. मणी पेटला, उजेड चमकला आणि म्हातारीचा सगळा चेहरा उमलला. "आलं!"

मी फ्लॅश हातात घेतला आणि दुसऱ्या बाजूने मारला. ती तिकडे वळली. पण पोलिसाचं डोकं संशयी. फ्लॅशच्या किणकिणण्यावरून तिला बाजू कळत असेल तर? म्हणून पुढच्या वेळी काचेवर तळहात घट्ट दाबला आणि बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, उजेड मात्र हाताआडच राहिला. म्हातारी तोंड वर करून वाट पाहत राहिली.

"या खेपेले नाही आलं. सेल गेले का जी?"

मी तळहात काचेवरून काढला. चोरीचा छडा जीपमध्येच लागला होता, पण खरा शोध तो हा होता. तिचे डोळे मेलेले नव्हते.

फ्लॅश मला न्यावाच लागणार होता. बाबांनी तो मुकाट्याने दिला. "दवाई संपली का?" तिने विचारलं तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. "आता मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, आई," असं म्हणून मी निघालो. बाबा टोपी घेऊन पाठोपाठ जीपपर्यंत आले, कोंडायला नेतील म्हणून. मी त्यांना परत घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याला सगळं सांगितलं. तो फ्लॅश हातात फिरवत बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, याच्यासमोर नवऱ्या लाजल्या, पंचनाम्याचे मुडदे पडले. पण उजेड दिसला म्हणून कोणी हसलं नव्हतं. मले नाही द्याची फिर्याद." डायरीत वस्तू सापडल्याची नोंद करून मी ते पान संपवलं.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिली. म्हणाले, "उजेड कळतो ना? मग डोळा जिवंत आहे. मोतीबिंदू पिकलाय." शिबिरात ऑपरेशन झालं.

जखम भरल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावून म्हातारी बाबांचा हात धरून ठाण्यात आली. मला आपादमस्तक न्याहाळू लागली. टोपी, पट्टा, बूट. बाबांचा चेहरा उतरला. म्हातारी मात्र हसली.

"डॉक्टरसाब, म्या तवाच ओळखलं होतं. दवाखान्यातलं माणूस असे बूट वाजवत येत नाही."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"बोलली असती त तुमी याइले तवाच नेलं असतं."

म्हणजे ती दवाईची तारीफ माझ्यासाठी होती. दिसत नसताना तिने माझ्यासमोर नवऱ्याची वकिली केली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी उठून दोघांना खुर्च्या दिल्या.

चोराने काय नेलं एवढंच आम्ही लिहीत असू. त्याने काय सोडून दिलं ते आधी पाहायचं, ही सवय मला या प्रकरणाने लावली. आणि माणसाला कोंडण्याआधी जमल्यास एकदा त्याचं घर पाहून यावं, हीसुद्धा. पुढच्या नोकरीत ती मला फार उपयोगी पडली.

त्याच दिवशी फोटोवाल्याने दोघांना आपल्या स्टुडिओत नेलं, मलाही ओढलं. तोच फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला. लाल मणी पेटला, उजेड चमकला आणि म्हातारीने गपकन डोळे मिटले.

"आई, डोळे मिटले तुमी. परत काढतो."

बाबा कॅमेऱ्याकडे नव्हे, तिच्याकडेच बघत होते. म्हणाले, "राहू दे, बापू. हाच दे. आता उजेडानं डोळे मिटते तिचे."