थोरली गच्चीवर चढत नाही

माझ्या दादाला कुणी कार्यक्रमाला बोलावलं की तो आधी दाराची रुंदी विचारतो. मानधन किती, लोक किती येणार, हे सगळं नंतर. जिन्याला वळण आहे का? लिफ्ट केवढी? गाडी दारापर्यंत येते का? समोरच्याला वाटतं, हा कपाट पोचवायला येतोय. त्यात फारसं चूकही नाही म्हणा. दादा डबल बास वाजवतो, आणि डबल बास म्हणजे माणसाहून उंच, कपाटाएवढं जड आणि वर नाजूक असं प्रकरण. उभं राहून, कवेत घेऊन वाजवायचं. एवढा खटाटोप करून त्यातून निघतो तो खालचा, जाड, सावकाश आवाज. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आहे हेही कळत नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दिवसा दादा खिडक्या-दारं बसवतो. त्यामुळे मोजायची टेप कायम खिशात. लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या सगळ्यात चांगल्या जागेवर हा बास उभा होता. वहिनीने त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी धाकटी." तेव्हापासून बासचं नाव थोरली. वहिनी तिच्यावर कुरकुर करते, तिची धूळ पुसते, आणि पाहुण्यांच्या पोरांनी हात लावला तर पोरांना फाडून खाते.

आमचा बँड तिघांचा. मी पियानो वाजवते, हॉटेलात तो कीबोर्डवर. माझं डोकं फार लवकर तापतं, म्हणून दादाने लहानपणीच माझं नाव ठिणगी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ड्रम वाजवतो तो आमचा मित्र पहिलवान. वारा सुटला की आम्ही त्याला आत घेतो, इतका तो किडकिडीत आहे. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही वाजवायचो. दादाची वाजवायची एक ढब होती. थोरलीच्या मानेवरच्या गोल माथ्याला डोक्याची बाजू टेकवायची आणि माझ्याकडे तिरकं बघत राहायचं. लोकांना ते फार आवडायचं, फोटो काढायचे. वहिनी म्हणायची, डोकं थोरलीकडे, नजर बहिणीकडे, आम्ही आपले कुठे?

सगळं छान चाललं होतं आणि मॅनेजरच्या डोक्यात गच्ची शिरली. खाली कुणी बसत नाही, वर मोकळी हवा, दिवे लावू, संगीतही वर नेऊ. लिफ्ट एक मजला आधीच थांबते. तिथून पुढे लोखंडी गोल जिना, इतका अरुंद की वेटरसुद्धा ट्रे डोक्यावर धरून चढतात. दादाने टेप काढली, खालून मोजलं, वरून मोजलं, मधल्या वळणावर बसून मोजलं. मग टेप खिशात टाकून म्हणाला, थोरली चढत नाही. पहिलवानाने बाहेरून दोर लावून ओढायची कल्पना काढली. दादाने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने दोराचा विषयच सोडला.

मॅनेजरची तयारी होतीच. दादासमोरच तो मला म्हणाला, "मॅडम, बासचा आवाज तुमच्या कीबोर्डमध्ये असतो ना? डावा हात तर रिकामाच असतो तुमचा. दोघांत भागेल की."

डावा हात रिकामा! माझं टाळकंच सटकलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण स्वयंपाकघरातली माणसं बाहेर येऊन बघून गेली. शेवटी एवढं ठरलं की पुढच्या महिन्यात गच्ची सुरू व्हायच्या आत दादाने जिना चढेल असं वाद्य आणायचं आणि एकदा वाजवून दाखवायचं. पटलं तर तिघं, नाहीतर मी आणि पहिलवान. दादा सगळा वेळ जिन्याचा कठडा चाचपत उभा होता, जणू तोही त्यालाच बसवायचा आहे. रात्री वहिनीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली की हे संध्याकाळी घरी बसायला लागले तर मला वेड लागेल, आणि त्यांना माझ्याआधी.

म्हणून आम्ही सगळी वरात घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या मावशी स्वतः बास गिटार वाजवतात आणि गिऱ्हाईकाला वस्तू विकण्यापेक्षा वाजवून दाखवण्यात त्यांना जास्त रस. त्यांनी इलेक्ट्रिक उभे बास काढून ओळीने मांडले. थोरलीचं धड काढून टाकून नुसती मान आणि कणा ठेवला तर जे उरेल ते. स्टँडवर उभं करायचं, वायर लावायची, काम झालं की पिशवीत घालून खांद्यावर. वहिनी खूश झाली. ही तर माझ्याहून बारीक, म्हणाली.

मग सुरू झाली खलबतं. तारा कुठल्या, कडक की मऊ? तारांची थरथर टिपणारा पिकअप नुसता अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडला तर टिणटिण वाजतो, म्हणून मध्ये एक छोटी डबी हवी, तिला प्रीअ‍ॅम्प म्हणतात, हे मावशींनी आम्हाला दोन्ही प्रकारे ऐकवून समजावलं. पहिलवानाला सगळ्यात मोठा अ‍ॅम्प हवा होता. उचलणार तू का, असं विचारल्यावर त्याला मधला चालायला लागला. वहिनीला लाल रंगाचा हवा होता. आणि दादा? एक स्क्रू घ्यायला अर्धा दिवस लावणारा माणूस, एकेक बास हातात धरायचा, दोन सूर काढायचा आणि परत ठेवायचा. का, तर याला डोकंच नाही. हल्लीच्या बऱ्याच उभ्या बासना वरचा गोल माथा नसतोच, मान सरळ संपते. डोकं नसलेली माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसतात, तुला वाद्याला कशाला हवंय, मी म्हटलं. अ‍ॅम्पचंही तेच. सगळे समोर उभे राहून ऐकतात, हा त्याला कंबर लावून उभा. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे बहुतेक लोक कानाने ऐकून घेतात. आम्ही हसलो, तोही हसला.

शेवटी मीच वैतागले आणि सगळ्यात हलका, सगळ्यात गोड आवाजाचा बास त्याच्या गळ्यात मारला. मावशी भल्या. आधी वाजवून बघा, नाही पटला तर परत आणा, म्हणाल्या.

गच्चीवर मॅनेजर खुर्ची टाकून बसला. पहिलं गाणं सावकाश होतं, दादा खालच्या सुरांवरच होता, झकास गेलं. मॅनेजरने बोटांनी टेबलावर ठेकाही धरला. दुसऱ्या गाण्यात दादाचा हात मानेवरून पुढे सरकला आणि बोंबललं.

झालं काय ते सांगते. थोरलीची मान जिथे धडाला मिळते तिथे एक बाक असतो. सरकत आलेला अंगठा तिथे अडतो आणि बोटाखाली कुठला सूर आहे ते न बघता कळतं. दादाचा हात सगळा हिशेब त्या बाकावरून करतो. नव्या बासलाही तसा बाक होता, पण अर्ध्या सुराने पुढे. म्हणजे अंगठा अडला ती जागाच चुकीची, आणि तिथून पुढचा प्रत्येक सूर अर्ध्याने चढा. नवीन वाद्यावर कुणाचंही होईल. पण कुठलाही बासवाला पहिल्याच सुराला दचकेल, बोट मागे घेईल, हसेल आणि पुढे जाईल. दादा दचकला नाही. माझ्याकडे बघत, अगदी मजेत, तो पुढचं सगळं अर्ध्या सुराने चढं वाजवत राहिला. पहिलवानाने माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दात आंबल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. स्टुलाचा पाय हलतोय असा बहाणा करून मी गाणं मध्येच थांबवलं. मॅनेजर उठला आणि म्हणाला, बघा, अजून दिवस आहेत, नाहीतर दोघांचं ठरलेलं आहेच.

खाली गाडीपाशी आलो तोवर माझी लाही लाही झाली होती. पहिलवानाला मी पुढे पाठवलं आणि दादाला विचारलं, "तुला ऐकू येत नव्हतं का?"

मी हे रागाने विचारलं होतं. आपण विचारतो तसं. दादा पिशवीची चेन लावत होता. ती पूर्ण लावून तो म्हणाला, "नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऐकू येणं कमी होऊन बरीच वर्षं झाली होती. थोरलीचं कळायचं, कारण तिला डोकं टेकलं की आवाज हाडातून आत यायचा, पोटातून यायचा, गुडघ्यातून यायचा. बाकीचं सगळं पुसट होत होत गेलं होतं. या नव्या काठीला टेकायला काही नव्हतंच. मी विचारलं, आणि माझा पियानो? तो म्हणाला, तुझे खांदे बघतो.

हे मात्र मला फार लागलं. प्रत्येक कार्यक्रमानंतर मी त्याला विचारायचे, कसं वाजवलं मी? आणि तो म्हणायचा, फर्स्टक्लास. त्या एका फर्स्टक्लासवर मी घरापर्यंत तरंगत जायचे. लोकांच्या टाळ्यांचं मला काही नसतं, दादाचं मत म्हणजे माझ्यासाठी शेवटचा शब्द. आणि हा माणूस माझ्या खांद्यांना फर्स्टक्लास म्हणत होता.

"बहिऱ्या माणसाला बँडमध्ये कोण ठेवतं?" तो म्हणाला.

"मी ठेवते," मी म्हटलं. "खोटारड्याला नाही ठेवत. चल, वहिनीला सांगू."

त्यावर तो पहिल्यांदा खरा घाबरला. पण वहिनीने ऐकून घेतलं आणि मटकन खुर्चीत बसली. म्हणजे मी हाका मारते त्या खरंच ऐकू येत नाहीत? मी आपली इतकी वर्षं समजतेय, माणूस दुर्लक्ष करतोय! ती हसत सुटली, आणि हसता हसता पदराने, बाहीने, हाताला येईल त्याने डोळे पुसायला लागली. दुसऱ्याच दिवशी ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानाच्या आतलं एक इवलंसं हाड ताठरलंय, हवेतून येणारा आवाज पुढे जात नाही, हाडातून आलेला पोचतो, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनचं पुढे बघू, तोवर मशीन लावा. मशीन लावल्यावर दादा पहिलं वाक्य बोलला ते वहिनीशी. एवढ्या मोठ्याने का बोलतेस? सवय लागली, वहिनी म्हणाली.

मावशींना सगळं सांगितलं तर त्या आमच्यावरच चिडल्या. हे आधी बोलायचं सोडून लाल रंग काय बघत बसलात? आतून त्यांनी एक जुना बास आणला. लाकडी, जरा जड, वर गोल माथा असलेला, लाल नसलेला. दादाने टेप काढून बाक कुठे येतो ते मोजलं. थोरलीची मापं त्याला तोंडपाठ होती, ती जुळली. मग तो त्या माथ्याला डोकं टेकून बराच वेळ एकच खालचा सूर वाजवत राहिला आणि मावशींनी दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना गप्प बसवलं. अ‍ॅम्प छोटाच घेतला. जमिनीवर न ठेवता लाकडी पेटीवर, कमरेला टेकेल असा ठेवायचा, हे दादाने ठरवलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

गच्ची सुरू झाली त्या संध्याकाळी सगळी टेबलं भरली होती. आधी पुन्हा वाजवून दाखवायला दिवस उरले नव्हते, म्हणून परीक्षा त्याच संध्याकाळी; मॅनेजर जिन्यापाशी हाताची घडी घालून उभा. वरचे सूर आले आणि एकेक जागच्या जागी बसले. मग माझं ते वेगाचं गाणं आलं, ज्याला हमखास टाळ्या पडतात. लोक माना डोलवायला लागले की मला चेव येतो आणि मी लय वाढवत पुढे पुढे जाते. दादा नेहमी माझ्याबरोबर यायचा. त्या दिवशी आला नाही. मी पुढे, आणि बास आपला मागे, जाड, शांत, होता तिथेच. मी अजून जोर लावला. तो ढिम्म. मी डोळे वटारून त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो टेबलांवरच्या लोकांकडे बघत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भर गाण्यात मला मुकाट्याने मागे यावं लागलं, त्याच्याजवळ.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मॅनेजरने मान हलवली, पुढच्या महिन्याच्या तारखा तिघांच्या घ्या असं हाताने दाखवलं आणि तो जिना उतरून गेला. पहिलवानाने दादाला मिठी मारायला धाव घेतली आणि वाटेत स्वतःच्याच झांजेला धडकला.

मी दादाला विचारलं, "कसं वाजवलं मी?"

"पळतेस," दादा म्हणाला. "कधीपासून पळतेयस कोण जाणे. उद्यापासून माझ्याबरोबर सरावाला बसायचं."

मी अशी भडकले म्हणून सांगू! तुला काय कळतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कालपर्यंत कान नव्हता आणि आज मला शिकवतोय, काय वाट्टेल ते बोलले. तो सगळं ऐकून घेत होता, मान जरा कलती करून, एकेक शब्द. रागाच्या भरात मी वायरी गुंडाळायला घेतल्या आणि गुंडाळता गुंडाळता मला रडू फुटलं. दादाने माझं वाजवणं ऐकलं होतं.