उत्तरेची खिडकी

चित्रकलेच्या बाई शाळेत इतकी वर्षं फळ्यावर सफरचंदच काढत आल्या, की पोरांनी त्यांचं नाव सफरचंदबाई ठेवलं. बाईंना त्याचा राग नव्हता. खरी चित्रं पुढे काढायचीच होती, फक्त जागा नव्हती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरला रे पसरला, की घरात कुणाला तरी भूक लागायचीच. ‘जागा मिळू दे, मग बघा!’ हे त्यांचं वाक्य घरातल्या लहानथोरांना पाठ होतं.

निवृत्तीनंतर जागा मिळाली आणि बाईंची पंचाईत झाली. आता सबब कुठली सांगणार?

सुताराच्या कारखान्यावरची भाड्याची खोली होती. नारळ वाजवून घ्यावा तशी त्यांनी ती घेतली. भिंतींवर बोटं मारून ओल पाहिली, नळ सोडून पाहिला. खिडकी उत्तरेला, म्हणजे ऊन आत नाही, उजेड दिवसभर सारखा. सुताराकडून चित्राचा स्टँड करून घेतला, फळ्या ठोकल्या, ब्रशांना बरण्या आणल्या. समोर माणूस बसवायची खुर्ची तर रोज नव्या कोपऱ्यात जायची.

“अगं, खुर्चीला चक्कर येईल,” नवरा म्हणाला. तो जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होता.

खरं म्हणजे बाई घाबरल्या होत्या. इतकी वर्षं जागेच्या नावानं खडे फोडले, आणि आपल्याला येतच नसलं तर? नाचता येईना अंगण वाकडे, यातलीच गत! शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, पहिलं चित्र जमलं तर खोली ठेवायची, नाहीतर सुताराला किल्ली परत.

नवऱ्यालाच समोर बसवलं. त्याचा रंग बाईंना पाठ होता. खोलीत तो जरा तांबूस दिसत होता, म्हणून बाई रंगात हिरवा मिसळून तांबूसपणा मोडत गेल्या. पूर्ण होईपर्यंत त्याला बघू दिलं नाही. मग चादरीत गुंडाळून चित्र घरी नेलं आणि अंगणात उघडलं. चेहरा हिरवागार! कच्च्या कैरीसारखा!

बाई किल्ली घेऊन निघाल्या. सामान आवरून ती खाली देऊन टाकायची होती. बरण्या भरत होत्या तोच नवरा चित्र काखेत मारून जिना चढत आला. स्टँडवर ठेवून खिडकीशी उभा राहिला.

“माझ्या सदऱ्याला काही लागलं का गं? सकाळी तर पांढरा होता.”

सदरा गुलाबी दिसत होता. बाई खिडकीशी आल्या. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, गोदामाची भिंत होती. विटकरी, लालभडक. सगळा उजेड तिच्यावर आपटून आत येत होता. बाईंनी खिडकी पाहिली होती, खिडकीतून बाहेर पाहिलंच नव्हतं.

“शाळेत पोरांना काय शिकवलंत, सफरचंदबाई?” नवरा हसत सुटला. बाईंनाही हसू आलं, पण लगेच विरलं. रंगाचं कारण सापडलं. चित्राचं काय?

“रंग सोडा. बाकी कसं आहे, खरं सांगा.”

तो चित्रापुढे येऊन उभा राहिला. जन्मभर औषधं मापून दिलेला माणूस, शब्दही मापूनच काढायचा.

“एवढा हिरवा रोगी आमच्या दवाखान्यात कधी आला नाही. पण हा मीच आहे.” मग आवाज खाली आला. “तू माहेरी जायला निघालीस, की मी असा बसतो. तुला कसं कळलं? तू तर तेव्हा पाठमोरी असतेस.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले, बरणीतला ब्रश काढला आणि म्हणाल्या, “बसा. आणि अजिबात हलू नका.”