नेब्रास्कातलं घरचं रेडिओ स्टेशन आणि बाबांचा अर्ज

"सहा महिने झाले, पन तुमच्या अमेरिकेत मले माती काही दिसली नाही," बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, आणि आमची नेब्रास्काची सहल तिथल्या तिथे ठरली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो. बाबा अकोल्याहून आले होते. शेती खात्यातली सगळी नोकरी कपाशीच्या शेतांतून फिरण्यात गेलेली, त्यामुळे आमच्या अपार्टमेंटसमोरची कापलेली हिरवळ बघून त्यांना फार तर कीव यायची. त्यांचं परतीचं विमान पुढच्या बुधवारी होतं आणि त्यानंतरच्या रविवारी अकोल्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, वंदनाचं, लग्न. म्हणजे मधे चार-पाच दिवस मोकळे. शहाण्या माणसानं ते सामान बांधण्यात घालवले असते. आम्ही मात्र मक्याची कापणी बघायला निघालो.

शुक्रवारी पहाटे पाचला आमची जुनी स्टेशन वॅगन बाहेर काढली. डॅलस, ओक्लाहोमा सिटी, विचिटा असा सरळ उत्तरेचा रस्ता. तेव्हा पंचावन्न मैलांची वेगमर्यादा होती, त्यामुळे बारा-तेरा तास धरूनच चाला. विचिटाबाहेर बावीस डॉलरचं मोटेल मिळालं, स्वच्छ आणि गरम पाण्याचं. बायकोनं, सुनंदानं, पोळ्या, दाण्याची चटणी आणि बरणीभर ठेचा घेतला होता. वाटेत शाकाहारी काही मिळेल या आशेवर राहू नका. आम्हाला दोन दिवसांत फक्त उकडलेला बटाटा आणि ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला प्रकार, एवढंच मिळालं. पाय उत्तम होता, आम्ही तो तीन ठिकाणी खाल्ला.

शनिवारी सकाळी नेब्रास्कात शिरलो आणि बाबा सीटच्या कडेला सरकून बसले. क्षितिजापर्यंत वाळलेला मका, मधे खडीचे सरळसोट रस्ते आणि घराएवढी कापणीयंत्रं. दहाच्या सुमाराला एका शेताकडेला थांबून थर्मासमधला चहा घेतला. बाबांनी मातीचं ढेकूळ फोडून हुंगलं, रुमालात थोडी बांधून घेतली आणि म्हणाले, "आपल्यासारखीच काळी हाय." पुढे जायची घाई मलाच. "चला लवकर," मी म्हणालो.

वीस मैलांवर पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा त्यांनी सुपारी काढायला खांद्यावरची झोळी चाचपली.

"विजय, माही झोळी?"

ढेकूळ फोडायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी झोळी गाडीच्या टपावर ठेवली होती. परदेशात कागद अंगाशी असावेत हे त्यांचं तत्त्व, त्यामुळे झोळीत पासपोर्ट, तिकीट आणि लग्नपत्रिका, सगळंच होतं. पासपोर्ट नाही तर बुधवारचं विमान नाही, आणि विमान नाही तर मुलीच्या लग्नात बाप नाही. गाडी वळवून तासभर हळूहळू रस्ता धुंडाळला, पण खडीच्या दहा रस्त्यांपैकी आपला कुठला हेही ओळखू येईना.

"तूच म्हणालास ना, चला लवकर!" सुनंदा चिडली. बाबा मात्र खिडकीबाहेर डोकं काढून रस्त्याच्या कडा बघत राहिले.

पंपावर परत आलो तर तिथल्या बाईनं फक्त विचारलं, "रेडिओवर सांगितलंत का?" जणू पोलिसांच्या आधी तिथेच जायचं असतं. चार मैलांवर मक्याच्या शेतात एक उंच मनोरा होता. त्याच्या पायथ्याशी पांढरं लाकडी घर, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी आणि व्हरांड्यात पाटी. आत शिरलो तर एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला काचेमागे मायक्रोफोन. बाबा दारातच थबकले.

"हे सरकारी हापिस कुठं हाय?"

"बाबा, हे सरकारी नाही. यांच्या घरचंच आहे."

"रेडिओ घरचा?" त्यांचा विश्वासच बसेना. उमेदीच्या काळात एका गावच्या पंचायतीतल्या रेडिओच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी ते सायकल हाणत जाऊन पेटी उघडायचे. रेडिओ म्हणजे सरकार, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

घराची मालकीण एडना सत्तरीची होती, हातांना कणीक लागलेली. काचेमागे बसलेला तिचा मुलगा डेल डुकरांचे बाजारभाव वाचत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. "साडेबाराला 'हरवलं-सापडलं' हा कार्यक्रम असतो. आत्ता सगळा परगणा कापणीवर आहे आणि प्रत्येक यंत्रात रेडिओ चालू. पण ऐका, आम्हाला सूर्य मावळला की बंद करावं लागतं. कायदाच आहे, रात्री रेडिओच्या लहरी दूर जातात, म्हणून लांबच्या मोठ्या स्टेशनांना वाट द्यायची. उद्या रविवार, उद्या फक्त चर्च." तिनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. ऑक्टोबरसाठी तिथे पावणेसात लिहिलं होतं.

मग ती बाबांना म्हणाली, "झोळी तुमची आहे, तुम्हीच सांगा."

बाबांनी कागद मागितला, पेन काढलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिला. तीन प्रतींत, कार्बन मागून घेऊन. साडेबाराला डेलनं मायक्रोफोन त्यांच्याकडे सरकवला आणि नेब्रास्काच्या हवेत आवाज घुमला:

"रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय, द अंडरसाइन्ड, रिटायर्ड फ्रॉम अॅग्रिकल्चर डिपार्टमेंट, अकोला, हॅव लॉस्ट वन क्लॉथ बॅग ऑफ ब्लू कलर. माय डॉटर इज गेटिंग मॅरीड. किंडली डू द नीडफुल अँड ओब्लाइज."

मी मान खाली घातली. हसू आणि रडू एकदम येत होतं. डेल मात्र अगदी गंभीरपणे म्हणाला, "ऐकलंत मंडळी. नीडफुल करा."

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. पहिल्या बाईला झोळी सापडली नव्हती, पण अर्ज पुन्हा ऐकायचा होता. दुसऱ्याला अकोला कुठे ते हवं होतं. तिसऱ्यानं निळं काहीतरी पाहिलं होतं, ते खताचं पोतं निघालं. डेल दर तासाला अर्ज वाचायचा, आणि वाचता वाचता त्याला तो पाठही झाला.

मधल्या वेळात एडनानं जेवू घातलं आणि स्टेशनची कहाणी सांगितली. तिचा नवरा वॉल्ट सैन्यात वायरलेस ऑपरेटर होता. युद्धावरून परतल्यावर त्यानं तिच्या वडिलांच्या शेतातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात पहिला ट्रान्समीटर बसवला. कोंबड्यांना दुसरं खुराडं बांधलं, पण त्यांना जुनंच आवडायचं, त्यामुळे पहिलं वर्षभर बातम्यांच्या मागे कोंबड्या ऐकू यायच्या. त्या बंद झाल्या तेव्हा लोकांनी तक्रार केली म्हणे. एकदा मोठ्या हिमवादळात शाळेच्या बसेस अडकल्या. संकट असेल तर सूर्यास्तानंतरही चालू ठेवता येतं, म्हणून वॉल्ट आणि ती आळीपाळीनं वाचत राहिले: कुणाची मुलं कुणाच्या घरी सुखरूप आहेत. वॉल्ट जाऊन सहा वर्षं झाली. आता बाजारभाव डेल वाचतो आणि दुपारची निधनवार्ता एडना.

"ते मी कुणाला देत नाही," ती म्हणाली. "आधी त्या घरी फोन करते आणि नाव कसं म्हणायचं ते विचारते. माणसाचं नाव शेवटचं घेताना चुकायला नको."

बाबांनी मान डोलावली. मग सुनंदानं ठेच्याची बरणी उघडली, आणि डेलनं कौतुकानं चमचाभर तोंडात घालून तसाच गव्हाचा भाव वाचायला घेतला. डोळ्यांतून धारा, आवाज रडवेला. फोन आला: गव्हाचा भाव इतका पडला का?

पण पाच वाजले, सहा वाजले. खिडकीतून मक्यावरचं ऊन लांब लांब होत गेलं. साडेसहाला डेलनं शेवटचा अर्ज वाचला. बाबा व्हरांड्यात जाऊन बसले आणि मला म्हणाले, "वंदनाले फोन करून सांग, मामाले उभं कर माह्या जागी." मी फोन मागायला उठलो.

तेवढ्यात धुळीचा लोट उडवत एक ट्रक आला. भुशानं माखलेला एक शेतकरी उतरला, काखेत निळी झोळी. सकाळीच सापडली होती म्हणे. मालकाला दिसावी म्हणून त्यानं ती कुंपणाच्या खांबाला अडकवली आणि कापणीला गेला. नेमका त्याच्या यंत्रातला रेडिओ बिघडलेला. संध्याकाळी ट्रकमध्ये बसला तेव्हा शेवटचा अर्ज कानावर पडला. त्यानं बाबांपुढे बियाण्याच्या पाकिटाचा कागद धरला. त्यावर लिहिलं होतं: 'रिस्पेक्टेड सर, नीडफुल इज डन.'

बाबांनी पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, पत्रिका मोजल्या. मग त्या माणसाचे दोन्ही हात धरून ठेवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यानंतर अर्थातच त्यांनी त्याला रीतसर पोच लिहून दिली. पावणेसातला दोन मिनिटं उरली असताना डेलनं त्यांना पुन्हा मायक्रोफोनसमोर बसवलं. "थँक यू," बाबा म्हणाले. एवढंच. अर्ज नाही, काही नाही. मग डेलनं बटण खाली केलं आणि सूर्य मावळला.

सोमवारी घरी पोचलो, बुधवारी बाबांचं विमान उडालं, रविवारी वंदनाचं लग्न झालं. बाबा पहिल्या रांगेत होते, निळी झोळी खांद्यावर.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरातच जा, आणि गाडीच्या टपावर काही ठेवू नका. बाकी सल्ला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बाबा मात्र तिथून पुरते परतलेच नाहीत. अकोल्याहून ते दर महिन्याला एडनाला पत्र लिहायचे: पाऊस किती, बोंडअळी आहे की नाही, कापसाला भाव काय. एडना ते मक्याच्या आणि डुकरांच्या भावांनंतर वाचून दाखवायची. नेब्रास्कातले शेतकरी अकोल्याच्या पावसाची चौकशी करतात, असं तिनं एकदा मला कळवलं होतं.

तीन वर्षांनी बाबा गेले. मी अकोल्याहून परत आल्यावर एडनाला दोन ओळी लिहून टाकल्या. आठवड्याभरानं फोन वाजला.

"विजय, एडना बोलतेय. उद्या दुपारच्या यादीत आहेत ते. इथल्या दोघांच्या मधे घेतलंय." मग ती म्हणाली, "नाव सांग. सावकाश."

मी सांगितलं. तिनं म्हणून दाखवलं, चुकलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं 'वानखडे' असं म्हटलं की अकोल्यातही कुणी मागे वळून पाहिलं असतं.

"बरोबर?" तिनं विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो.