वालाच्या शेतातलं विमान

लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. सरकारने विकायला काढलेलं दोन खुर्च्यांचं एक विमान यांनी आणि थोरल्या दिरांनी मिळून घेतलं. हे मुंबईला असताना उडायला शिकले होते. दीर शेती बघत. कापडे गावी आमच्या शेतातलं भात निघालं की चार खाचरांचे बांध फोडायचे, जमीन चोपायची, की झाली धावपट्टी. एरवी तिथे वाल होई. सासूबाई येईल त्या बाईला सांगत, "इमान हाय गो, पन खायाला वाल नाय."

मला शिकवायचं यांच्या मनात कसं आलं, देव जाणे. बायकोला सायकल शिकवणाऱ्यालाही तेव्हा पोलादपुरात लोक हसत. मी लुगडं सोडून यांचा पायजमा चढवला. हे पुढच्या खुर्चीत, मी मागच्या. बोलायला मध्ये रबरी नळी. तिच्यातून आवाज येई, "अगं, रहाटासारखं ओढू नकोस. नुसतं धर." दोन हंगामांत सगळं जमलं, उतरवणं सोडून. ते मात्र हे स्वतः करत.

तिसऱ्या वर्षी पौषात आम्ही सावित्री नदीवरून वळून शेताकडे येत होतो. नळीतून आवाज आला, "राबांचा धूर फार आहे. काही दिसत नाही."

भाताच्या रोपांसाठी पाला पसरून जमीन भाजतात, तो राब. आमच्याकडे तो शिमग्याच्या सुमाराला. त्या दिवशी हवा लख्ख होती. धोतराचा सोगा धरून उभे असलेले दीरसुद्धा मला दिसत होते.

"हो, फार आहे," मी म्हटलं. "मी उतरवू?"

"उतरव."

विमान तीनदा आपटलं आणि उभं राहिलं. "शिकलीस," हे म्हणाले. मी यांच्याकडे बघितलं नाही.

मग रोजच धूर असे आणि रोज मीच उतरवी. त्याबद्दल आम्ही दोघं फार सभ्यपणे बोलत असू.

माघात महाडला एका पुढाऱ्यांचा सत्कार निघाला. समितीचे तिघे घरी आले. हत्ती मिळत नव्हता, म्हणून वरून झेंडूचा पाऊस पाडायचं ठरलं होतं. माझ्या खुर्चीत बसून फुलं टाकण्याचा त्याग अध्यक्ष स्वतः करणार होते.

"दहा मिनिटांचं काम," हे म्हणाले.

"मी चालवते," मी चहा देता देता म्हटलं.

"वहिनी, फुलं टाकायची आहेत, मला नाही," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. हेही हसले.

मी ट्रे खाली ठेवला. "यांना दिसत नाही."

"हल्ली धूर असतो," हे शांतपणे म्हणाले.

"नसतो हो. एकदाही नव्हता."

समिती चहा संपवून बँडवाल्यांकडे गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं, की या डोळ्यांना उपाय नाही. विमान पुण्याच्या एकाने नेलं. पण त्या दुपारी, ते तिघे गेल्यावर, यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पौषापासून."

"मग तेव्हाच सांगायचंस. चारचौघांत कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते त्यांना पटलं. पुढची वीस वर्षं ते तसंच मानत राहिले, आणि मी मानू दिलं. वाईट वाटलं असतं हे खरंच. पण पौषात सांगितलं असतं तर विमान त्याच दिवशी थांबलं असतं, आणि मला आणखी एकदा उतरवायचं होतं. रोज, आणखी एकदा.