घाटगे काकूंचे दोन शब्द

मी 'तंद्री रेकॉर्ड्स' या ट्रान्स संगीताच्या कंपनीची संस्थापक, मालकीण आणि केर काढणारी आहे. कंपनीचं मुख्यालय लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, माझ्या पलंगावर आहे. (दिल्लीकर आमचं नाव 'तंदूरी' असं वाचतात आणि फोन करून बटर नान मागवतात. आजवर गाण्यांपेक्षा नानांचीच मागणी जास्त आलेली आहे.)

ट्रान्स म्हणजे काय, हे मी आईला कित्येक वर्षं समजावते आहे. एक गाणं दहा मिनिटं चालतं. आधी नुसतं धप धप. मग सूर चढत जातात. मग मध्येच ठेका थांबतो, सगळं शांत होतं, लोक श्वास रोखतात आणि ठेका धाडकन परत आला की वेड्यासारखे नाचायला लागतात. त्या परत येण्याला 'ड्रॉप' म्हणतात. आमची सगळी अब्रू त्या एका क्षणावर असते.

"दहा मिनिटांत शब्द एकही नाही?" आई विचारते.

"नाही."

"मग त्या मानाने फारच लांबवलंय गं!"

गुरुग्रामच्या एका क्लबात महिन्यातली एक रविवार संध्याकाळ 'तंद्री'ला मिळायची. रविवारी संध्याकाळी तिथे माशीसुद्धा येत नाही, म्हणून आम्हाला! शेवटी क्लबचा मॅनेजर लक्ष्य मला म्हणाला, "मॅडम, इस संडे हॉल भरा तो ठीक, नहीं तो अगले महीने से कराओके." ती संध्याकाळ गेली की तंद्री बंद, आणि मी नोएडात बाबांच्या मित्राच्या ऑफिसात एक्सेल भरायला. बाबांनी तर माझ्यासाठी टिफिनही आणून ठेवला होता, तोसुद्धा चार पुडांचा! तो डबा बघून मला खरंच रडू फुटलं.

"हॉलच भरायचाय ना?" आई म्हणाली. "मग रडतेस काय? घाटगे काकूंना फोन लावते."

घाटगे काकू आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या तहहयात अध्यक्षा. रविवारी संध्याकाळी क्लबच्या दारात बस थांबली आणि काठापदराच्या साड्यांमधलं अख्खं मंडळ खाली उतरलं. दारावरच्या बाउन्सरने डबे अडवले.

"आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"भैया, ये बाहर का नहीं है, घर का है!" काकू म्हणाल्या आणि चकल्यांचा डबा त्याच्याच हातात देऊन आत गेल्या.

आत गेल्यावर मंडळाने पहिलं काम काय केलं असेल, तर नाचायच्या जागेत खुर्च्यांच्या रांगा लावल्या! पुढची रांग पाहुण्यांसाठी रुमाल टाकून धरली. बाबा कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या सोफ्यावर जाऊन बसले.

"अंकल, ये व्हीआयपी के लिए है," वेटर म्हणाला.

"हां बेटा, मैं गॅझेटेड ही हूं," बाबांनी त्याला धीर दिला.

मागे भिंतीला टेकून ऑफिसवाल्या पोरापोरींचा एक घोळका या रांगांकडे बघत उभा होता. लक्ष्य माझ्याकडे बघत होता. मी कुणाकडेच बघत नव्हते.

मी सुरू केलं. धप धप धप धप. काही मिनिटांनी आईच्या शेजारच्या मावशी माझ्यापर्यंत आल्या. "बाळा, माइक टेस्टिंग झालं असेल तर गाणं सुरू कर ना. परत जाताना ट्रॅफिक लागतो."

"मावशी, हेच गाणं आहे!"

"अच्छा अच्छा," म्हणून त्या बिचाऱ्या परत गेल्या आणि ही बातमी त्यांनी रांगेत पुढे दिली.

सूर चढत गेले. मग तो क्षण आला. ठेका थांबला, हॉल शांत झाला, मी ड्रॉपच्या बटणावर बोट ठेवलं... आणि महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या! त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम संपला होता. आणि मराठी कार्यक्रम संपला की काय होतं, हे मी दिल्लीत वाढल्यामुळे साफ विसरले होते. घाटगे काकू उठल्या, पदर सारखा केला, माझ्यासमोरचा माइक उचलला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं.

"नमस्कार. कार्यक्रम अतिशय सुंदर झाला. वेळेत संपला हे विशेष."

आता ठेका सोडायचा कसा? घाटगे काकूंचं बोलणं मध्येच तोडायची हिंमत बाबांच्या जॉइंट सेक्रेटरींचीही झालेली नाही! मी घाईघाईने तो शांत तुकडाच पुन्हा पुन्हा वाजत ठेवला.

"लाइटवाले भैया का आभार. लाइट इतनी बार आ-जा रही थी, फिर भी उन्होंने धीरज नहीं छोड़ा! दारावरच्या दोन धिप्पाड भावांचे आभार, त्यांनी आमच्या चकल्या सांभाळल्या..."

(सांभाळल्या कसल्या, डबा रिकामा होता.)

पार्किंगवाले झाले, सरबतवाले झाले. मागच्या पोरांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे! एकेक हात वर जायला लागला. मोबाइल निघाले. काकूंना एवढा प्रतिसाद कॉलनीच्या स्नेहसंमेलनात कधी मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांचाही आवाज चढला.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. धन्यवाद!"

मी बटण दाबलं.

धाडकन ठेका पडला आणि हॉल फुटला. पोरं खुर्च्या ओलांडून पुढे आली. मंडळ आधी दचकलं, मग आईने पदर खोचला आणि मावशींचे हात धरून फुगडी घातली! बाबा सोफ्यावर उभे राहिले. लक्ष्य धावत माझ्याकडे आला.

"मॅडम, हर महीने करो यार! पर वो आंटी चाहिए."

तंद्री वाचली. टिफिनमध्ये आता माझ्या वायरी असतात. पुढच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत 'घाटगे काकू, लाइव्ह' असं छापून आलं. खाली बारीक अक्षरांत माझं नाव, आणि त्यापुढे आईने हट्टाने घालायला लावलेला शब्द: साथसंगत.

त्यानंतर अशा कितीतरी संध्याकाळी झाल्या. काकूंनी वेटरचे आभार मानले, एसीचे मानले, एकदा तर गुरुग्रामच्या ट्रॅफिकचेही मानले. शेवटी मी न राहवून विचारलं, "काकू, आभारात माझं नाव कधीच कसं नसतं हो?"

काकूंनी मायेने माझ्या गालावरून हात फिरवला.

"अगं, घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? आणि तू एकच तर बटण दाबतेस!"