उभ्या गाडीतून पडलो त्याची गोष्ट

वीस वर्षं केळीचा ट्रक दिल्लीकडे नेतोय. घाट म्हणू नका, धुकं म्हणू नका, अंगावर ओरखडा नाही. आणि पडलो कुठे? पहूरला, चहाच्या टपरीसमोर, उभ्या गाडीतून!

आम्हां ड्रायव्हर लोकांना केबिन म्हणजे देव्हारा. आत चप्पल नेत नाही. दाराआडच्या पायरीवर काढायची आणि उतरताना पायानं चाचपून घालायची. त्या दिवशी केळीचा ओला चीक लागून चप्पल बुळबुळीत झालेली. सवयीप्रमाणे रस्त्याकडे तोंड करून पाय टाकला, चप्पल सटकली, आणि चार फुटांवरून मी थेट डाव्या टाचेवर. टाचेचा पार चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. क्लच दाबता येईल की नाही, ते आत्ताच सांगत नाही."

मला दुसरं काय येतं हो? खाटेवर पडून नुसती चिडचिड. बायको म्हणाली, "गाडी उलटली असती तर एवढे करवादले नसते तुम्ही." खरंच होतं ते.

आमच्या जामनेरचे सगळ्यात म्हातारे ड्रायव्हर, चाचा, भेटायला आले. ते कायम गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडी धरून, एकेक पाय टाकत उतरायचे. "काय चाचा, विहिरीत उतरून राह्यले का?" असं म्हणत सगळ्यांत जास्त मीच फिदीफिदी हसायचो. आता विचारलं, "पडायची भीती वाटते म्हणून असं उतरता का?"

"भीती कसली? दर्ग्यातून निघताना आपण पाठ फिरवतो का? गाडीनं सुखरूप आणलं, तिला पाठ कशी दाखवू?"

मी थक्क झालो. चाळीस वर्षांत हा माणूस एकदाही पडला नव्हता, आणि पडण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता!

पाच महिन्यांनी केबिनमध्ये चढलो. क्लच दाबला. कळ मस्तकात गेली, पण क्लच खालपर्यंत गेला. मी ढसाढसा रडलो. मग दार उघडलं, खाली पाहिलं आणि बाहेर काढलेला पाय परत आत ओढला. खाली चाचा उभे होते. माझी चप्पल त्यांनी जमिनीवर नीट मांडून ठेवली होती.

"ये बेटा. माझ्याकडे नको, तिच्याकडे बघ."

वळलो. दांडी धरली. अनवाणी पायाला पायरी लागली, मग दुसरी, मग माती. टाच टेकली तरी हात दांडी सोडेनात. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या गाडीचं दार इतक्या जवळून बघत होतो.