बहनजींचं शेवटचं प्रकरण

आमच्या बहनजींना मुंगी चिरडवत नसे. पण कुठल्या विषानं माणूस किती वेळात मरतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. उज्जैनला फ्रीगंजातल्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवत. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्याच राहत. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांनी एक छोटीशी रहस्यकथा लिहायला घेतली आणि पुढची नऊ वर्षं ती लिहीतच राहिल्या.

गोष्ट नाताळची होती. महूच्या छावणीतला एक बंगला, जेवायला जमलेली सात माणसं. यजमान म्हातारा केक कापतो, पहिला तुकडा तोंडात घालतो आणि खुर्चीतच मरतो. उरलेल्या सहाही जणांना तो मेलेलाच हवा असतो. इतक्या आनंदाच्या दिवशी खून कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे खूश असतात ना, म्हणून जो खूश नाही तो त्यांच्यात लपून जातो. त्याला शोधायचं, बस."

नाताळला केक त्या स्वतः करत. घरी भट्टी कुठली असणार? सगळं कालवून पितळी डब्यात घालायचं आणि टांग्यानं देवास गेटजवळच्या पाववाल्याकडे न्यायचं. केक भाजून होईपर्यंत त्या भट्टीसमोर स्टुलावर बसून राहत. पाववाला म्हणे, "बहनजी, आप घर जाओ, मैं भेज दूँगा." त्या हलत नसत. आमच्या घरात अंडं चालायचं नाही, म्हणून दह्यातला एक छोटा केक वेगळा व्हायचा. तो माझ्या हातात देताना सांगत, "आईला सांग, यात अंडं नाही. विषही नाही." आई तो देवघरापासून लांब ठेवायची आणि सगळ्यांच्या आधी खायची.

त्या दुपारी गल्लीतल्या आम्ही चार-पाच मुली त्यांच्याकडे जमायचो. केक खात खात नवं प्रकरण ऐकायचं. विषाची बशी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली ते त्या अगदी हळू, साध्या आवाजात वाचत. आमचे घास तोंडातच थांबत. खुनी कोण, म्हणून आम्ही मागे लागलो की म्हणत, "घाई नको. खुनी कधी घाईत नसतो."

मी नववीत असताना त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. शाळेत कळलं तर नोकरी जाईल, म्हणून त्या गप्प राहिल्या. धडे पाठच होते, मुलींना आवाजावरून ओळखत. पण गोष्ट अडली. मग एके दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "कुमुद, तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तू लिही." दोन वर्षं, दर रविवारी, मी त्यांच्या समोर बसून लिहिलं. चूक झाली तर त्यांना टाकाच्या आवाजावरून कळायचं. एकच प्रकरण राहिलं होतं, शेवटचं. "खुनी कोण ते सगळ्यांच्या आधी तुलाच सांगीन," असं त्यांनी कबूल केलं होतं.

तेवढ्यात नवं राज्य झालं. बाबांचं सरकारी खातं नव्या राजधानीत, भोपाळला हललं आणि नोव्हेंबरात आम्ही सामान बांधलं. निघताना मी त्यांना सांगितलं, "नाताळला येते. शेवटचं प्रकरण तेव्हा लिहू." त्यांनी चाचपडत माझा चेहरा हातात घेतला. "ये. मी मनात तयार ठेवते."

मी गेले नाही. नव्या कॉलेजातल्या मैत्रिणींची सांचीची सहल ठरली आणि मला तिकडे जायचं होतं. कुणी अडवलं नव्हतं, गाडीही चुकली नव्हती. सहलीच्या आदल्या दिवशी मी एक कार्ड टाकलं: या खेपेला जमत नाही, होळीला नक्की येते.

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या शेजारच्या काकूंचं पत्र आलं. न्यूमोनिया झाला होता, चार दिवसांत गेल्या. बाबा मला घेऊन उज्जैनला आले. काकूंनी खोली उघडून दिली.

"तुझं कार्ड नाताळच्या तिसऱ्या दिवशी आलं," काकू म्हणाल्या. "तोपर्यंत तिने केक कापूच दिला नाही. मीच कार्ड वाचून दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरं झालं, पोरगी रमली तिकडे. मग थोड्या वेळानं म्हणाली, आता मलाच लिहायला पाहिजे. माझ्याकडून एक फाउंटन पेन मागून नेलं. दुसऱ्या दिवशी दिवसभर लिहीत होती. संध्याकाळी मला हाक मारून सांगितलं, झालं बघा."

वही त्यांनी माझ्या नावानं ठेवली होती. मी तिथेच उघडली. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पान बऱ्यापैकी वाचता येतं. तपास करणारा इन्स्पेक्टर सहाही जणांना जेवणघरात बोलावतो आणि दार लावून घेतो. दुसऱ्या पानावर ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. तिसऱ्या पानाच्या मध्यावर पेनातली शाई संपली आणि ते त्यांना दिसलं नाही. पुढची अकरा पानं त्या तशाच लिहीत गेल्या.

उजेडात तिरकी धरली की त्या पानांवर निबाचे ओरखडे दिसतात. मी कितीदा त्यांवरून बोट फिरवलं आहे. ओळी हाताला लागतात, अक्षर लागत नाही.